मिडवेचीं पांच मिनिटें : विमानवाहू नौकांच्या नाशासंबंधीं बखर आणि नोंदवही

इ. स. १९४२ च्या जून महिन्याच्या ४ थ्या तारखेस पॅसिफिक महासागरांतील मिडवे बेटांजवळ जपानी आरमाराच्या चार मोठ्या विमानवाहू नौका, अकागी, कागा, सोर्यू व हिर्यू, अमेरिकन विमानांच्या हल्ल्यानें निकामी झाल्या व दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत चारहि समुद्राच्या तळाशीं गेल्या. पैकीं पहिल्या तीन तर सकाळीं १० वाजून २० मिनिटांच्या पुढें अवघ्या पांचसहा मिनिटांत पेटल्या. या प्रसंगाची जी हकीकत पन्नास वर्षें जगभर प्रमाण मानली गेली ती अशी : जपानी नौकांच्या डेकांवर हल्ल्यास निघणारीं विमानें ओळीनें सज्ज उभीं होतीं, त्यांचीं इंजिनें चालूं होतीं, पहिलें विमान उडालेंहि, आणि तेवढ्यांत वरून शत्रु कोसळला. आणखी पांच मिनिटें मिळतीं तर सर्व विमानें हवेंत गेलीं असतीं व लढाईचा निकाल उलटा लागला असता. ही हकीकत खोटी आहे. ती खोटी कोणत्या कागदांवरून ठरते, व ती बाजूस सारल्यावर विमानवाहू नौकेच्या दौर्बल्याचें खरें स्थान कोठें दिसतें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

सनदा, महजर, निवाडपत्रें व बखरी यांत वावरणाऱ्या आमच्या वाचकांस पेट्रोल आणि टॉर्पेडो यांशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु ज्या प्रश्नावर आमच्याकडील संशोधन उभें राहिलें तोच प्रश्न येथेंहि आहे. प्रसंगानंतर कित्येक वर्षांनीं, पराभवाचें शल्य मनांत असतां लिहिलेली बखर खरी मानावयाची, कीं त्याच दिवसाच्या कामकाजाची, कोणताहि पक्ष मांडण्याचा हेतु नसतां लिहून ठेवलेली नोंद? कै. राजवाडे यांनीं इ. स. १८९८ सालीं पानिपतच्या काळांतील पत्रांचा पहिला खंड छापला तेव्हांपासून आमच्याकडे या प्रश्नाचें उत्तर ठरल्यासारखें आहे. मिडवेच्या बाबतींत तें उत्तर इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोंचण्यास इ. स. २००५ साल उजाडावें लागलें.

प्रथम ही विमानवाहू नौका काय वस्तु आहे तें सांगितलें पाहिजे. तिच्या माथ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट डेक असतो. विमानें उडतात ती त्यावरूनच, व उतरतात तींहि त्यावरच. डेकाखालीं विमानें ठेवण्याची, दुरुस्त करण्याची व सज्ज करण्याची लांबरुंद जागा असते. तिला हँगर म्हणतात, आम्ही पुढें विमानघर म्हणूं. विमानघरांतून डेकावर विमानें चढविण्यास लिफ्टा असतात. त्याहून खालीं पेट्रोलच्या टाक्या आणि बाँब व टॉर्पेडो यांचीं कोठारें. तोफांच्या जहाजाला शत्रूचा मार सोसण्यासाठीं जाड पोलादी कवच घातलेलें असतें. त्या काळच्या जपानी किंवा अमेरिकन विमानवाहू नौकेच्या डेकास असें कवच नव्हतें. लांकडी फळ्या घातलेलें तें एक मोठें छप्परच होतें. शत्रु दीडदोनशें मैलांवर असतांनाच त्याला गांठावयाचें, म्हणजे त्याचा मार आपल्यापर्यंत पोहोंचणारच नाहीं, या भरंवशावर ती नौका समुद्रावर फिरत असे.

या रचनेंत जपानी व अमेरिकन नौकांत एक मोठा भेद होता आणि पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. अमेरिकन नौकांचें विमानघर बाजूंनीं उघडें राही. पोलादी पडदे वर गुंडाळले कीं वारा आरपार खेळे आणि पेटलेली वस्तु बाहेर समुद्रांत ढकलतां येई. जपानी नौकांचीं विमानघरें एकावर एक मजल्यांचीं व चोहोंकडून बंद होतीं. भिंतींच्या कडेनें कोठड्या व कामाच्या खोल्या, आणि हवा येण्याजाण्यास पंखे. टॉर्पेडो नेणाऱ्या विमानांस टॉर्पेडो किंवा मोठे बाँब लावण्याचें काम जपानी लोक याच बंद जागेंत करीत. मात्र इंजिनें तापविण्याचें काम तेथें करतां येत नसे. त्यासाठीं विमान डेकावरच न्यावें लागे. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

आतां त्या सकाळची हकीकत. येथें कालगणनेचा एक घोटाळा आधींच दूर केलेला बरा. जपानी आरमार जगांत कोठेंहि असलें तरी आपल्या कागदांत टोकियोची वेळ लिही. मिडवेजवळ ४ जूनच्या सकाळचे १० वाजून २० मिनिटें तीं जपानी कागदांत ५ जूनच्या सकाळचीं ७ वाजून २० मिनिटें होत. शुहूर सन, फसली सन व शक यांचा मेळ घालतां घालतां ज्यांचे डोळे शिणले आहेत त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. खालीं आम्ही सर्वत्र मिडवेची वेळ दिली आहे.

पहांटे साडेचार वाजतां व्हाइस ॲडमिरल नागुमो चुइची यानें चारहि नौकांवरून मिळून १०८ विमानें मिडवेवर पाठविलीं. जवळपास तितकींच विमानें, शत्रूच्या नौका दिसल्या तर त्यांवर घालण्यासाठीं, राखून ठेवलीं. अकागी व कागा यांवरील राखीव विमानांस टॉर्पेडो लावलेले होते. ७ वाजतां मिडवेवर गेलेल्या तुकडीचा नायक टोमोनागा याचा बिनतारी संदेश आला कीं दुसऱ्या हल्ल्याची गरज आहे. ७ वाजून १५ मिनिटांनीं नागुमोनें हुकूम दिला : टॉर्पेडो काढून जमिनीवर टाकण्याचे बाँब लावा. हें काम दीडदोन तासांचें. तें चालूं असतां टोने या क्रूझरवरून गेलेल्या टेहळणी विमानानें सुमारें दहा जहाजें दिसल्याची खबर दिली. (ही खबर नागुमोच्या हातीं नेमकी केव्हां पडली याविषयीं अभ्यासकांत वाद आहे.) पाऊण आठास हुकूम फिरला. ८ वाजून २० मिनिटांनीं त्याच विमानानें कळविलें कीं शत्रूबरोबर एक विमानवाहू नौका असावी. तोंपर्यंत मिडवेहून परतलेलीं विमानें डोक्यावर घिरट्या घालीत होतीं. त्यांचें पेट्रोल संपत आलें होतें. ८ वाजून ३७ मिनिटांपासून ९ वाजून १८ मिनिटांपर्यंत तीं उतरवून घेतलीं. या उलथापालथींत टॉर्पेडो उतरले, बाँब चढले, पुन्हां बाँब उतरले, टॉर्पेडो चढले. आणि उतरविलेले बाँब खालच्या कोठारांत परत धाडण्यास सवड न मिळाल्यानें विमानघरांतच बाजूस पडून राहिले.

याच वेळांत अमेरिकन विमानांचे हल्ले एकामागून एक येत होते. सातपासून साडेआठपर्यंत मिडवेच्या धावपट्टीवरून आलेलीं विमानें. त्यांपैकीं एकाचाहि बाँब लागला नाहीं. नंतर ९ वाजून २० मिनिटांच्या सुमारास अमेरिकन नौकांवरून आलेल्या टॉर्पेडो-विमानांची पहिली तुकडी, १५ विमानांची. पंधराहि पडलीं. त्यांवरील ३० माणसांपैकीं एकटा वांचला. मागून १४ विमानांची व त्यामागून १२ विमानांची तुकडी आली. त्यांतलींहि बहुतेक पडलीं. ४१ विमानें येऊन जपानी नौकांस एकहि टॉर्पेडो लागला नाहीं. शेवटच्या तुकडीचा पाठलाग चालूं असतांनाच उंचावरून डाइव्ह-बाँबर, म्हणजे जवळजवळ सरळ खालीं झेप घेऊन बाँब सोडणारीं विमानें, दोन दिशांनीं येऊन पोहोंचलीं. एंटरप्राइझ नौकेवरील तुकडीचा नायक मॅक्लस्की याला शत्रु सांपडतच नव्हता. आराशी नांवाची एक जपानी विनाशिका अमेरिकन पाणबुडीच्या मागें लागून मागें राहिली होती, व आपल्या ताफ्यास गांठण्यासाठीं भरवेगानें निघाली होती. ती ज्या दिशेस चालली होती तिकडे मॅक्लस्कीनें आपलीं विमानें वळविलीं.

येथपर्यंत सर्व पक्षांचें बहुतेक एकमत आहे. भेद आहे तो यापुढील क्षणाविषयीं.

पांच मिनिटांच्या हकीकतीचा कर्ता फुचिदा मित्सुओ हा साधासुधा माणूस नव्हे. पर्ल हार्बरवरील हल्ल्यांत विमानांचें नेतृत्व त्यानेंच केलें होतें. मिडवेच्या वेळीं आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेमुळें तो उडूं शकला नाहीं व अकागीच्या डेकावर बसून सर्व पाहत होता. नौका सोडतांना त्याचे घोटे मोडले. इ. स. १९५१ सालीं त्यानें ओकुमिया मासाताके याच्याबरोबर मिडवेवर जपानींत पुस्तक लिहिलें, व इ. स. १९५५ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. (ओकुमिया त्या दिवशीं तेथें नव्हताच, तो उत्तरेस अल्यूशियन बेटांकडील ताफ्यांत र्यूजो नौकेवर होता.) प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, तोहि पराभूत पक्षाचा आणि अधिकारानें मोठा : अशा माणसानें १० वाजून २४ मिनिटांनीं उड्डाणाचा हुकूम सुटला व पहिलें विमान उडालें असें सांगितल्यावर त्याला कोण हटकणार? अमेरिकन ग्रंथकारांनीं ही गोष्ट जशीच्या तशी उचलली. विजयी पक्षासहि ती गोड लागली, कारण तिनें विजय अधिकच थरारक होत होता.

या बखरीसमोर ठेवावयाचे कागद दोन जातींचे आहेत. एक, नागुमोच्या ताफ्याचा सविस्तर युद्धअहवाल. हा लढाईनंतर लवकरच तयार झाला, इ. स. १९४७ सालीं अमेरिकन आरमाराच्या गुप्तवार्ता-कचेरीनें त्याचें इंग्रजी भाषांतर छापलें. दुसरी जात अधिक मोलाची : प्रत्येक नौकेवरील विमानदळाच्या कामगिरीच्या नोंदवह्या. कोणतें विमान, कोण वैमानिक, किती वाजतां उडालें, किती वाजतां उतरलें, किती गोळ्या खर्चीं पडल्या, असा तो कोरडा जमाखर्च आहे. त्यांत खेद नाहीं कीं फुशारकी नाहीं. आमच्या दफ्तरांतील रोजकीर्दीची आठवण व्हावी अशी ही वस्तु आहे.

या वह्यांत त्या सकाळीं ताफ्याच्या रक्षणासाठीं हवेंत असलेल्या लढाऊ विमानांच्या उड्डाणांच्या व उतरण्याच्या वेळा आहेत. हीं विमानें वारंवार उतरत होतीं. उतरणें भागच होतें. त्या झीरो विमानांच्या २० मिलिमीटरच्या प्रत्येक तोफेस गोळ्या अवघ्या ६०; हल्ल्यांमागून हल्ले आल्यावर त्या चुटकीसरशा संपत. नोंदी पाहतां हें येणेंजाणें साडेनवानंतर आणि दहा वाजून गेल्यावरहि चालूं होतें. आतां विचार करावा. हल्ल्यास निघणारीं विमानें डेकाच्या मागल्या भागांत दाटीनें उभीं करावीं लागतात, कारण पुढचा भाग धांवण्यास मोकळा हवा. उतरणारें विमान त्याच मागल्या भागावर टेकतें. म्हणजे डेकावर हल्ल्याचीं विमानें मांडलेलीं असतां दुसरें विमान उतरूंच शकत नाहीं. दहानंतर विमानें उतरलीं, तर दहानंतर डेक मोकळा होता. आणि विमानघरांतून एकेक विमान लिफ्टेनें वर आणणें, जागेवर लावणें, पंख उलगडणें, इंजिनें तापविणें या सर्वांस पाऊण तासाच्या आसपास वेळ लागे. मग १० वाजून २४ मिनिटांस चारहि नौकांवर सज्ज विमानांच्या ओळी कोठून आल्या? कागद खरा असेल तर फुचिदाची हकीकत अशक्य आहे. निव्वळ संशयास्पद नव्हे.

विरुद्ध पुरावा नाहीं असें नाहीं. कांहीं अमेरिकन वैमानिकांच्या जबान्यांत डेकांवर विमानें दिसल्याचें येतें. परंतु लढाऊ विमानें भरून पुन्हां सोडण्यासाठीं डेकावर दोनचार असणें स्वाभाविकच होतें, व अकागीवर बाँब टाकणाऱ्या बेस्ट या वैमानिकाची साक्ष लढाऊ विमानांविषयींच आहे. अडीचतीनशें मैलांच्या वेगानें खालीं येणाऱ्या माणसाच्या दोन क्षणांच्या दर्शनानें नोंदवहीची तारीख-वेळ खोडतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

मग ही बखर इतकीं वर्षें टिकली कशी? जपानांत ती तितकीं वर्षें टिकलीच नाहीं. जपानच्या संरक्षण खात्याच्या इतिहास-कचेरीनें युद्धाचा जो १०२ खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला त्याचा ४३ वा खंड मिडवेवर असून तो इ. स. १९७१ सालीं निघाला. त्यांत हल्ल्याचीं विमानें त्या क्षणीं विमानघरांतच होतीं हें आलेलें आहे. परंतु तो जपानी भाषेंत. इंग्रजींत लिहिणाऱ्यांस तो वाचतां येत नव्हता. वाचतां येत होतें तें भाषांतरित झालेलें फुचिदाचें पुस्तक. मोडी न वाचतां केवळ ग्रांट डफच्या आधारें मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांची जी गत, तीच ही. इ. स. २००५ सालीं जोनाथन पार्शल व अँथनी टली या दोघां अमेरिकन अभ्यासकांनीं या नोंदवह्या व हा खंड यांच्या आधारें मोठा ग्रंथ लिहिला तेव्हां कोठें ही गोष्ट इंग्रजी जगांत रूढ झाली. ते दोघे पेशानें विद्यापीठाचे पंडित नव्हेत, आवडीनें जपानी आरमाराचा अभ्यास करणारे गृहस्थ आहेत, हेंहि आमच्या वाचकांस आवडेल.

फुचिदानें असें कां लिहिलें? त्याचें मन आम्ही वाचूं शकत नाहीं. लिहिण्याचा परिणाम मात्र सांगतां येतो. पांच मिनिटांची गोष्ट दोष दैवावर टाकते. विमानें विमानघरांत होतीं असें म्हटलें कीं दोष पद्धतीवर येतो : बंद विमानघराच्या रचनेवर, आणि एका वेळीं दोन निशाणें धरणाऱ्या योजनेवर. रडारावांचून केवळ डोळ्यांनीं चाललेला पहाराहि त्याच दोषांत येतो. या शेवटच्या गोष्टीची सूचना जपानी ताफ्यास आमच्याच बाजूच्या समुद्रांत मिळालेली होती. ९ एप्रिल १९४२ रोजीं सिलोनजवळ याच नागुमोच्या विमानांनीं हर्मिस ही इंग्रजांची विमानवाहू नौका बुडविली. त्या वेळीं तिच्यावर एकहि विमान नव्हतें. विमानें नसलेली विमानवाहू नौका किती निराधार असते याचें तें उदाहरण. पण त्याच दिवशीं सिलोनहून आलेलीं नऊ इंग्रजी ब्लेनहाइम विमानें कोणास न दिसतां अकागीच्या डोक्यावर पोहोंचलीं व बाँब जवळ पडेपर्यंत त्यांचा सुगावा लागला नाहीं. बाँब लागले नाहींत, म्हणून ती गोष्ट तेथेंच राहिली असें दिसतें.

डेक मोकळे होते हें ठरल्यावर टॉर्पेडो-विमानांवरील त्या मेलेल्या माणसांविषयींचा निवाडाहि बदलतो. जुनी हकीकत असें सांगे कीं, त्यांनीं जपानी लढाऊ विमानांस समुद्राच्या पृष्ठाजवळ खेंचून घेतलें व त्यामुळें वरचे डाइव्ह-बाँबर निर्वेध आले. शेवटच्या तुकडीपुरतें हें कांहीं अंशीं खरें असेल. परंतु पहिली तुकडी तर तासाभरापूर्वींच संपली होती, आणि एका तासांत विमान हवीं तितकीं उंची पुन्हां गांठतें. त्यांच्या मरणाचा खरा उपयोग निराळा होता. प्रत्येक हल्ल्यासरशीं नौकांस वेडींवांकडीं वळणें घ्यावीं लागलीं आणि लढाऊ विमानें उतरवून भरून पुन्हां सोडावीं लागलीं; म्हणून डेक हल्ल्याच्या विमानांसाठीं मोकळा मिळालाच नाहीं. अपयशी म्हणून ज्यांची गणना झाली त्या तुकड्यांनींच नागुमोचा पाऊण तास हिरावून घेतला होता, हें नोंदवहींतील उतरण्याच्या वेळांवरून दिसतें. त्यांच्या नातेवाइकांना हें साठ वर्षांनीं वाचावयास मिळालें.

आतां नौकांच्या पोटांत काय घडलें तें पाहूं. अकागीवर केवळ तीन विमानांनीं झेप घेतली. बहुतेक सर्व विमानें कागावरच कोसळलीं होतीं. तिघांपैकीं एकाचा हजार पौंडी बाँब मधल्या लिफ्टेच्या कडेस लागून वरच्या विमानघरांत फुटला. एका बाँबनें सुमारें ३६ हजार टनांची नौका बुडत नाहीं. परंतु तेथें टॉर्पेडो लावलेलीं, टाक्या भरलेलीं विमानें ओळीनें उभीं होतीं व भोंवतीं उतरविलेले बाँब होते. आग लागली, पेट्रोल वाहूं लागलें, एकेक दारूगोळा तापून फुटूं लागला. जागा बंद असल्यानें स्फोटाचा जोर बाहेर न जातां वरच्या डेकास व खालच्या भागास फाडीत गेला. दुसऱ्या दिवशीं पहांटे जपानी विनाशिकांनींच टॉर्पेडो मारून तिला बुडविलें. कागास चार तरी बाँब लागले. एकानें पुढारी-मंचावरील कप्तान ओकादा व त्याचे अधिकारी ठार झाले. सोर्यूस तीन बाँब लागले व वीसेक मिनिटांत नौका सोडण्याचा हुकूम द्यावा लागला. मेलेल्यांची संख्या कागावर आठशेंवर, सोर्यूवर सातशेंवर, अकागीवर अडीचशेंवर. त्यांत विमानघरांत व त्याखालीं इंजिनांजवळ काम करणारे फार. हवेंत लढणारे वैमानिक त्या मानानें थोडे. सायंकाळीं पांचच्या सुमारास हिर्यूचीहि तीच दशा झाली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं होशो नौकेवरील विमानानें तिचें जें छायाचित्र घेतलें तें उपलब्ध आहे : पुढचा डेक फाटून आंत कोसळलेला, आणि लिफ्टेचा भला मोठा तक्ता उडून मंचाला टेकून उभा. बाँब वरून आले, पण नाशाचें काम आंतून झालें, याला याहून बोलका कागद नको.

अमेरिकन नौका या रोगापासून मुक्त होत्या असें मात्र समजूं नये. मिडवेच्या महिनाभर आधीं, ८ मे १९४२ रोजीं, कोरल समुद्रांत लेक्सिंग्टन नौकेस टॉर्पेडो व बाँब लागले. आगी विझल्या, विमानें पुन्हां उतरूं लागलीं, सर्व ठीक दिसूं लागलें, आणि हादऱ्यानें फुटलेल्या टाक्यांतून झिरपलेल्या पेट्रोलच्या वाफेनें दुपारीं पेट घेतला. नौका गेली. त्यांतून धडा घेऊन यॉर्कटाउन नौकेवरील ऑस्कर मायर्स या यांत्रिकानें युक्ति काढली कीं शत्रु येण्यापूर्वीं पेट्रोलच्या नळ्या रिकाम्या करून त्यांत कार्बन डायॉक्साइड वायु भरून ठेवावा. मिडवेच्या दिवशीं दुपारीं हिर्यूच्या विमानांनीं यॉर्कटाउनवर तीन बाँब मारले तेव्हां ही युक्ति अंमलांत आलेली होती. आगी आटोक्यांत आल्या. इतक्या लवकर, कीं दुसऱ्या वेळीं आलेल्या जपानी वैमानिकांनीं तिला निराळीच, न दुखावलेली नौका समजून टॉर्पेडो मारले. तीन दिवसांनीं ती बुडाली ती पाणबुडीच्या टॉर्पेडोंनीं पाणी भरून, आगीनें नव्हे. त्याच दिवशीं, जवळपास त्याच जातीच्या बाँबांनीं पेटलेल्या दोन पक्षांच्या नौकांच्या दैवांत एवढें अंतर पडलें, त्यांत एका यांत्रिकाचा वांटा होता.

जपानी नौकांस हा धडा पुढेंहि लाभला नाहीं. १९ जून १९४४ रोजीं ताइहो या नव्या, चिलखती डेकाच्या नौकेस एकच टॉर्पेडो लागला. ती चालतच राहिली. फुटलेल्या टाकीची वाफ घालविण्यासाठीं सर्व पंखे सुरू केले; तेणेंकरून ती वाफ नौकेच्या कानाकोपऱ्यांत पसरली व सुमारें सहा तासांनीं एका स्फोटांत नौका उध्वस्त झाली. उलट १९ मार्च १९४५ रोजीं जपानी किनाऱ्याजवळ अमेरिकन फ्रँकलिन नौकेवर दोन बाँब पडले त्या वेळीं तिच्या डेकावर व विमानघरांत विमानें भरून सज्ज होतीं. आठशेंच्यावर माणसें मेलीं, तरी ती स्वतःच्या इंजिनांवर न्यूयॉर्कास पोहोंचली. उघडें विमानघर आणि आग विझविण्याचें शिक्षण यांनीं नौका वांचली. माणसें वांचलीं नाहींत. विमानें भरलेलीं असतां लागलेल्या घावाची किंमत कोणत्याहि बांधणीनें पूर्ण चुकवितां येत नाहीं, असें आम्ही यावरून समजतों.

पेट्रोलची जागा युद्धानंतर सहजीं न पेटणाऱ्या इंधनानें घेतली आणि अमेरिकन नौका आकारानें दुपटीहून मोठ्या झाल्या. तरी २९ जुलै १९६७ रोजीं टोन्किनच्या आखातांत फॉरेस्टल नौकेच्या डेकावर आपल्याच एका विमानाचें रॉकेट अपघातानें सुटलें, शेजारच्या विमानाची टाकी फुटली, जुने बाँब आगींत तापून फुटूं लागले, आणि १३४ माणसें मेलीं. शत्रु कोठेंच नव्हता. इ. स. १९४५ नंतर खुल्या समुद्रावरील लढाईंत एकहि विमानवाहू नौका बुडालेली नाहीं; त्यामुळें हजार मैलांवरून येणाऱ्या चिनी डीएफ-२१डी सारख्या क्षेपणास्त्रांपुढें तिचा टिकाव लागेल कीं नाहीं हा वाद आज केवळ तर्कावर चालतो. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. एवढेंच नमूद करावेसें वाटतें कीं, वाद करणारे घाव लागेल कीं नाहीं याचा जितका विचार करतात तितका घाव लागेल त्या वेळीं नौकेच्या पोटांत काय मांडलेलें असेल याचा करतांना दिसत नाहींत. आणि मिडवेचे कागद या दुसऱ्याच प्रश्नाविषयीं बोलतात.

त्या कागदांच्या आजच्या स्थितीविषयीं दोन शब्द लिहून लेख संपवितों. ऑगस्ट १९४५ मध्यें शरणागतीच्या वेळीं जपानी लष्कर व आरमार यांनीं आपले कागद ढिगांनीं जाळले. विमानदळांच्या नोंदवह्या त्यांतून ज्या वांचल्या त्या टोकियो येथें संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेंत आहेत, व अशा कागदांच्या प्रतिमा इ. स. २००१ पासून आशियाई इतिहासाच्या जपानी दफ्तर-केंद्रामार्फत घरबसल्या पाहतां येऊं लागल्या आहेत. खुद्द नौकांपैकीं यॉर्कटाउन इ. स. १९९८ सालीं सांपडली. कागा व अकागी ऑक्टोबर २०१९ मध्यें पांच हजार मीटरांहून अधिक खोलीवर सांपडल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्यें यंत्रें खालीं सोडून या तिन्ही नौकांचें जवळून चित्रण झालें. सोर्यू व हिर्यू यांचा तळ लागल्याचें प्रसिद्ध झालेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.